साहेबांची बाजू

मैत्रीनं त्या रविवारी दुपारी दारावरची बेल वाजवली आणि दार उघडताच चंद्रभागेला काहीतरी बिनसल्याचं कळलं. या पोरीला बेल कधी ठाऊकच नव्हती. लहानपणापासून ती जिन्यातूनच "मोठी आई, खायला काय आहे?" असं ओरडत वर यायची आणि वारज्याच्या त्या अख्ख्या इमारतीला कळायचं, की रणपिशांची पुतणी आली. आज तिनं बूट नीट कडेला लावले, ओढणी सारखी केली आणि वसुलीला आलेल्या परक्या माणसासारखी दारातच उभी राहिली.

"मोठे बाबा आहेत?"

"आहेत की. संध्याकाळी हार घालून घ्यायचाय, मान ताठ ठेवायचा सराव चाललाय," चंद्रभागा म्हणाली.

एरवी मैत्री खळखळून हसली असती. आज ती नुसती आत आली.

घर भरलेलं होतं. सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, धाकट्या लेकाला घेऊन सकाळीच येरवड्याहून आल्या होत्या. हा धाकटा लेक आनंद म्हणजे मैत्रीचा बाप. तो दादाच्या झब्ब्याला इस्त्री करत होता. इस्त्री झालेल्या झब्ब्यालाच तो पुन्हा इस्त्री करत होता, इतका त्याला आनंद झाला होता. संध्याकाळी कोथरूडच्या सभागृहात चंद्रभागेच्या नवऱ्याचा, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या दशरथरावांचा, जाहीर सत्कार होता. निष्कलंक सेवेबद्दल. आणि सत्कार करणार होते 'उजास' मुलींच्या वसतिगृहाचे अध्यक्ष दिग्विजयराव.

नेमकी तिथेच मेख होती, आणि ती दुर्गाबाई सोडून घरातल्या प्रत्येकाला कळत होती. फक्त कुणी बोलत नव्हतं. त्याच 'उजास'च्या स्वयंपाकघरात मैत्री नाव बदलून पोळ्या लाटायला राहिली होती. बाहेर आल्यावर तिनं आपल्या वर्तमानपत्रात दोन लेख लिहिले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या त्या वसतिगृहात मुलींना किडक्या तांदळाचा भात आणि पाण्यासारखं वरण मिळतं, त्यांच्या नावानं येणारं दूध आणि फळं भलतीकडेच जातात, हे तिनं डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं. गावभर बोंब झाली. चौकशी बसली. तेव्हा दिग्विजयराव शांतपणे म्हणाले, "आमच्या वसतिगृहाची दरवर्षी पाहणी झालेली आहे. पाहणी केली दशरथ रणपिसे साहेबांनी. एक शब्द वाईट लिहिलेला नाही. आता साहेबांच्या सचोटीवर कुणाला शंका असेल तर त्यानं तोंडावर येऊन सांगावं."

पुण्यात असं सांगणारा कुणी मिळणं शक्यच नव्हतं. दशरथ रणपिसे यांनी उभ्या नोकरीत कुणाच्या कचेरीतला चहासुद्धा घेतला नाही, ही गोष्ट येरवड्याच्या वस्तीत पोरांना शाळेत घालताना सांगतात. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी त्यांचे वडील कोंडीराम यांनी त्यांना बजावलं होतं, की आपल्या माणसावर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात, तेव्हा तू कुणाच्या घोटभर चहाचाही मिंधा होऊ नकोस. दशरथरावांनी ते आयुष्यभर पाळलं. आणि ते पाळता यावं म्हणून चंद्रभागा आयुष्यभर पहाटे उठली. साहेब पाहणीला निघाले की बरोबर तिचा डबा. पाहणीच्या दिवशी तर ती जरा जास्तच मायेनं भरायची. भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, मऊसूत पोळ्या. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या बायका सोन्याबद्दल बोलायच्या तेव्हा ही डब्याबद्दल बोलायची, आणि गर्वानं बोलायची.

"बस ना गं, उभी काय?" दशरथराव म्हणाले. त्यांचा पुतणीवर भारी जीव. पत्रकारितेचं शिक्षण घ्यायला घरातून विरोध झाला, तेव्हा तेच तिच्या बाजूनं उभे राहिले होते.

मैत्री बसली, पण खुर्चीच्या कडेवर. मोबाइल काढून तिनं टीपॉयवर ठेवला.

"मोठे बाबा, आज मी पुतणी म्हणून आले नाहीये. तिसरा लेख तयार आहे. त्यात तुमचं नाव आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याची बाजू आधी विचारायची, हा आमच्या धंद्याचा नियम. संपादक म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवतो. मी म्हटलं, नको, मीच जाईन. हे रेकॉर्ड होतंय, चालेल ना?"

इस्त्रीचा चटका बसावा तसा आनंद मागे सरकला. "काय बोलतेस तू? अगं, बापाच्या सख्ख्या भावाची उलटतपासणी घ्यायला आलीस?"

"बाजू विचारायला आलेय, पप्पा."

"बाजू! त्यांची बाजू अख्ख्या पुण्याला माहीत आहे. तुला नवीन सांगायला हवी?"

"काय झालं रं?" दुर्गाबाईंनी कान पुढे केला. त्यांना अलीकडे कमी ऐकू यायचं. "कुनाचं नाव? पेपरात का? दशरथचं नाव आलंय व्हय पेपरात?" आणि त्या कौतुकानं हसल्या. ते हसू बघून चंद्रभागेला रडू आलं.

रडू आलं की तिची जीभ धारदार व्हायची. "वा, मैत्रीबाई! संध्याकाळपर्यंत थांबला असता तर छपाईची यंत्रं बंद पडली असती वाटतं? एवढा एक हार त्यांच्या गळ्यात पडू द्यायचा होता."

"तो हार गळ्यात पडला की मग उशीर होईल, मोठी आई. चौकशी अधिकाऱ्यांनाही आज पाहुणे म्हणून बोलावलंय. दिग्विजयराव त्यांच्या डोळ्यांदेखत मोठ्या बाबांना शाल पांघरणार. एकदा ती शाल पांघरली, की त्या शालीखाली सगळं झाकलं जाईल."

दशरथरावांनी हात वर केला. कचेरीत गलका झाला की ते असाच हात वर करायचे. "विचार तू. मला लपवायचं काही नाही."

"उजासच्या पाहणीला जाण्याआधी तुम्ही त्यांना कळवत होतात का?"

"अर्थात. आदल्या दिवशी फोन. मुलींचं वसतिगृह आहे. न सांगता पुरुषमाणसानं तिथे जाऊन उभं राहणं मला कधी शोभलं नाही."

"जेवणाची पाहणी कशी करायचात?"

"स्वयंपाकघर बघायचो. धान्याच्या कोठ्या बघायचो. भरलेल्या असायच्या. भरलेलं ताट माझ्यासमोर आणून ठेवायचे. उत्तम ताट."

"त्यातलं खाऊन बघितलंत?"

दशरथराव हसले. लहान पोरानं वेडगळ काही विचारावं तसे हसले. "मैत्री, मी कुठे काही खात नाही, हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण मला ते तुमच्या तोंडून हवं होतं."

 आनंद पुढे आला. आता त्याचा आवाज खाली आला होता, म्हणजे तो खरा घाबरला होता. "हे बघ बाळा, लेख छाप. कुणी नको म्हणत नाही. त्या दिग्विजयला सोडू नकोस. पण नाव काढ. 'एक अधिकारी' असं लिही. आपल्या समाजात असा माणूस पुन्हा होणार नाही गं. उद्या लोक म्हणतील, यांचा प्रामाणिक अधिकारीसुद्धा असाच निघाला. तुला चालेल ते?"

"भावजी बरोबर बोलतायत," चंद्रभागा म्हणाली. "नावानं काय अडतंय तुझं?"

"नावावरच तर अडलंय. दिग्विजयराव कुणाच्या नावामागे लपलेत?" मैत्रीचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "मोठी आई, तिथली एक मुलगी अकरावीला आहे. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. लेखात मी तिला पायल म्हटलंय. रात्रीच्या जेवणाला पोरी पाण्यात भिजवलेले पोहे खातात, ते त्या स्वतःच साठवून ठेवतात. मी तिला विचारलं, एवढे साहेब येतात, तुम्ही त्यांना सांगत का नाही? ती म्हणाली..." मैत्री थांबली.

"काय म्हणाली?" दशरथरावांनी विचारलं.

"म्हणाली, 'ते चष्मेवाले साहेब यायचे ना, ते चांगले होते. पण त्यांना सांगून काय उपयोग? त्यांना माहीतच होतं. म्हणून तर ते घरून डबा आणायचे.'"

  चंद्रभागेच्या डोळ्यांसमोर उजासची ती कधीही न पाहिलेली कचेरी उभी राहिली. मोठं टेबल, त्यावर तिनं भरलेला डबा, झाकण काढल्यावर सुटलेला वांग्याचा वास, आणि दाराबाहेरून जाता जाता तो वास घेणाऱ्या मुली. इतकी वर्षं ती पहाटे उठली, ती नवऱ्याची अब्रू राखायला. त्या अब्रूचा असा अर्थ कुणी लावत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अर्थ लावणाऱ्या पोरीचं काही चुकलं नव्हतं.

"बंद कर ते," आनंद मोबाइलकडे हात करून म्हणाला.

"राहू द्या, भावजी," चंद्रभागा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "चालू राहू द्या. आणि मैत्री, नाव काढायचं नाही. तुझ्या मोठ्या बाबांचं लिही आणि खाली माझंही लिही. डबा माझाच होता."

"वहिनी! तुम्हीसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. आत्तापर्यंत तुमच्याच बाजूला होते की. आता नाही."

दुर्गाबाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. "कुनी मला धड सांगंल का? पोरी जेवत न्हवत्या?"

मैत्री आजीच्या कानाशी गेली आणि तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. कौतुकाचं हसू केव्हाच मावळलं होतं. ऐकून झाल्यावर ती मैत्रीकडे नाही, लेकाकडे वळली.

"दशरथ, तुझ्या बापानं तुला चा पिऊ नको म्हनलं व्हतं. पोरींच्या ताटात बघू नको, असं न्हवतं म्हनलं."

दशरथराव उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग घरात जे व्हायचं तेच झालं. आनंद लेकीवर चिडला, लेक बापावर चिडली, दुर्गाबाई दोघांवर चिडल्या. "नोकरी सोड, पण हे नको," असं आनंद म्हणाला. "नोकरी सोडली तरी लिहीन," असं मैत्री म्हणाली.  चंद्रभागा बंद दाराकडे बघत होती. या माणसाच्या स्वाभिमानावर तिचा संसार उभा होता, आणि आज तो स्वाभिमानच ढासळला तर हा माणूस उभा कसा राहणार, याची तिला खरी भीती वाटत होती.

दार उघडलं तेव्हा दशरथरावांनी कपडे बदललेले होते. इस्त्रीचा झब्बा, त्यावर जाकीट. डोळे लाल होते. आनंदचा चेहरा उजळला. "चला दादा, गाडी काढतो. हे सगळं उद्या बघू."

दशरथराव मैत्रीसमोर बसले. "ते यंत्र चालू आहे ना? मग घे. माझं पूर्ण नाव लिही, हुद्द्यासकट. मी पाहणी करायचो ती भिंतींची आणि भांड्यांची. एकाही मुलीशी मी ती एकटी असताना कधी बोललो नाही. बोललो तेव्हा शेजारी वसतिगृहाची अधीक्षिका उभी असायची. माझ्या अहवालांवर कुणी विसंबून राहू नये. हे मी चौकशीतही सांगेन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू कॉलेजात असताना मला त्या अमेरिकेतल्या बाईची गोष्ट सांगितली होतीस. वेडाचं सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात राहिली, बाहेर येऊन पेपरात लिहिलं, आणि मग सरकारला तिथल्या बायकांसाठी जास्त पैसा द्यावा लागला."

"तुम्ही ती प्रत्येक भाषणात सांगायचात."

"सांगायचो. आणि त्या दुसऱ्या बाईची, जिनं खनिज तेलाच्या व्यापारसम्राटाचे सगळे डावपेच लेखांमागून लेख लिहून उघडे पाडले. लोक टाळ्या वाजवायचे. पण त्या इस्पितळाची तपासणी करणारेही कुणी असतीलच की गं. चांगले, घरंदाज, टापटिपीचे. बायकांना थंड पाण्यानं आंघोळ घालतात त्याच इमारतीत बसून अहवाल लिहिणारे. त्यांचा विचार मी कधी केला नाही. त्या गोष्टीत मी नेहमी स्वतःला त्या बाईच्या जागी बघत होतो." ते कसंनुसं हसले. "आज कळलं, माझी जागा कुठली."

मैत्रीनं मोबाइल बंद केला आणि मग मात्र ती मोठ्या बाबांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली.

"म्हणजे सत्कार रद्द?" आनंदनं हताशपणे विचारलं.

"रद्द कशाला?" दशरथराव उठले. "माइक आहे, श्रोते आहेत, चौकशी अधिकारी समोर बसणार आहेत. एवढी सोय पदरचा खर्च करून दिग्विजयरावांनी केलीय. वाया कशी घालवायची?"

इतक्या वेळात चंद्रभागा पहिल्यांदा हसली. हा तिचा नवरा होता. याच्याशीच तिनं लग्न केलं होतं.

सभागृह खच्चून भरलं होतं. दिग्विजयराव पांढऱ्या शुभ्र कपड्यांत सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते. मैत्रीला बघूनसुद्धा त्यांनी नमस्कार केला, इतके ते निर्धास्त होते. स्वागतगीत म्हणायला त्यांनी उजासच्या मुलींना निळ्या गणवेशात आणलं होतं. गीत झाल्यावर मुली व्यासपीठाच्या डाव्या हाताला सतरंजीवर बसल्या आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून अधीक्षिका बसली.

दशरथराव बोलायला उभे राहिले. शाल घेऊन दिग्विजयराव पुढे सरसावले, तेव्हा दशरथरावांनी ती हातानंच थांबवली. "आधी बोलतो. नंतरही तुम्हाला घालावीशी वाटली तर घाला."

लोक हसले. मग त्यांनी दुपारी घरात सांगितलं तेच सगळं सांगितलं, तसंच, काही न वगळता.  येरवड्याहून आलेले म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. ते बघताना चंद्रभागेचं काळीज तुटत होतं आणि त्याच वेळी अभिमानानं फुलतही होतं. इतका ताठ तो माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"आता उजासचा खरा अहवाल," दशरथराव शेवटी म्हणाले, "मी नाही देऊ शकत. तो देणारे इथेच बसलेत. ज्या मुलीला बोलायचं असेल तिनं यावं. चौकशी अधिकारी समोर आहेत. आणि उद्या या मुलींपैकी एकीच्याही केसाला धक्का लागला, तर आधी माझ्याशी गाठ आहे."

कुणी हललं नाही. अधीक्षिकेची नजर सतरंजीवरून फिरत होती. जिच्यावर ती पडे तिची मान खाली जाई. दिग्विजयरावांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग येऊ लागला. मैत्रीनं ओठ दाताखाली धरले होते. सगळं आता इथवर येऊन बुडणार, असं चंद्रभागेला वाटलं आणि ती उठली. पहिल्या रांगेसमोरून चालत गेली, अधीक्षिका आणि मुली यांच्या मधोमध जाऊन सतरंजीवर ऐसपैस बसली. पाचवारीतली तिची पाठ चांगली रुंद होती. त्या पाठीपलीकडून आता अधीक्षिकेला एकही मुलगी दिसत नव्हती.

"बाई, तुम्ही इथे बसू शकत नाही," अधीक्षिका कुजबुजली.

"गुडघे दुखतात हो. आता बसले, ती लवकर उठत नाही," चंद्रभागा मागे न बघता म्हणाली.

मुलींच्या मागच्या रांगेतून एक सडपातळ मुलगी उभी राहिली. मैत्री अर्धवट उठून तिच्याकडे बघू लागली, त्यावरून चंद्रभागेला कळलं. हीच ती, लेखातली पायल.

पुढचं सगळं यथावकाश झालं. उजास दिग्विजयरावांच्या संस्थेकडून काढून घेण्यात आलं आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. मैत्रीच्या लेखमालेनंतर दुसऱ्या वसतिगृहांतल्या मुलीही बोलू लागल्या. शेवटी सरकारला आदेश काढावा लागला, की पाहणी न कळवता व्हावी, पाहणी करणाऱ्यानं मुलींच्या पंगतीत बसून तेच जेवावं आणि धान्य मुलींच्या निवडलेल्या समितीनं पारखून घ्यावं. त्या आदेशाचा मसुदा करायला सरकारनं ज्यांना बोलावलं त्यांत दशरथ रणपिसे होते. येरवड्यात आता पोरांना त्यांची गोष्ट सांगतात, ती चहापाशी थांबत नाही. आनंदनं लेकीचा तिसरा लेख चौकट करून घरात लावला आणि येईल त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवतो. नाव काढ म्हणणारा हाच माणूस होता, हे चंद्रभागा दर खेपेला पाहुण्यांना आवर्जून सांगते.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी माइक हातात घेऊन उभी होती.

"माझं नाव निकिता," ती म्हणाली. नाव खरं होतं. "मी उजासमध्ये राहते. आम्हाला सकाळी..."

दिग्विजयरावांनी पडद्याआडच्या कुणाला तरी खूण केली. माइक खट्कन बंद पडला. निकिताचे ओठ हलत राहिले. तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोहोचेना. तिनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

तिसऱ्या रांगेतून दुर्गाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"मोठ्यानं बोल, बाळा!" त्या ओरडल्या. "मला ऐकू येत न्हाई!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं!" मग आणखी कुणी. येरवड्याचे ते म्हातारे मान वर करून उभे राहिले. अर्धं सभागृह उभं राहिलं. सतरंजीवरच्या मुली एकीमागून एक उठून निकिताच्या मागे येऊन थांबल्या. पुढच्या रांगेत चौकशी अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं.

निकितानं बंद माइक बाजूला ठेवला, खोल श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.